दुबाजू तबकडी आणि जोडाचा प्रश्न : सातारा–सांगली परिसरातील ध्वनि-चित्रसाधनांच्या संदर्भात

मिरजेच्या शाळेत शिक्षकी करीत असता वासुदेव वामन खरे (१८५८–१९२४) ह्यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतील हजारो कागद वाचले, त्यांतील निवडक कागदांच्या नकला केल्या, आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’च्या रूपाने ते प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्याच पिढीत सातारा येथे दत्तात्रेय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६) ह्यांनी कागद, चित्रे व नकाशे ह्यांचा मोठा संग्रह उभा केला. तो पुढे १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. ज्या परिसरात हे दोन उद्योग झाले, तेथे मूळ कागद व त्याची नक्कल ह्यांच्या नात्याविषयी वेगळे सांगण्याचे कारण नसावे. तरी ह्याच परिसराने गेल्या शतकात निर्माण केलेली दुसरी एक साधनसामग्री, म्हणजे ध्वनिमुद्रिका व बोलपट, तिच्या नकला करताना जुन्या दप्तरांनी घालून दिलेली एक साधी शिस्त बहुधा विसरली जाते. ती शिस्त जोडाची होय.

मोडी कागद चाळणाऱ्यास ठाऊक असते की, लहान पत्र पुष्कळदा पाठपोट लिहिलेले असते. आणि मजकूर मोठा असला की कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवून लांबच लांब गुंडाळी केली जाते. वतनाच्या तंट्यांतील महजर तर कित्येक हात लांब असतात. असा महजर तयार करताना जेथे एक बंद दुसऱ्यास चिकटविला असेल तेथे जोडावर शिक्का उमटविण्याची पद्धत होती. शिक्क्याचा अर्धा भाग वरच्या बंदावर व अर्धा खालच्या बंदावर येई. कोणी मधला बंद काढून घेतला अथवा नवा घुसडला तर शिक्क्याची दोन अर्धुके जुळत नसत. ह्या पद्धतीतील मर्म असे की, जोड लपविणे हा तिचा हेतू नव्हता. जोड येथे आहे, आणि तो कोणी व केव्हा मान्य केला, हे कागदाने स्वतःच सांगावे, हा हेतू होता.

दोन बाजूंच्या तबकडीवरील चित्रपट एकत्र करून त्याची अखंड सुरक्षा-प्रत तयार करणे, हे वरवर पाहता केवळ तांत्रिक काम आहे. आज घरोघरचे संगणक ते करू शकतात. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने ते संपादनाचे काम आहे. कारण ज्या ठिकाणी मूळ साधन तुटले होते ते ठिकाण नाहीसे करणे हाच त्याचा उद्देश असतो. हे तुटणे काय होते हे समजून घेण्यास थोडे मागे गेले पाहिजे.

भारतात तबकडीवर गाणे मुद्रित होऊ लागले ते १९०२ मध्ये. त्या वेळच्या तबकड्या एकाच बाजूने कोरलेल्या असत, मागची बाजू कोरी राही; दप्तरी भाषेत त्या पाठकोऱ्या होत्या. १९०४ साली ओडियन ह्या जर्मन कंपनीने दोन्ही बाजूंनी कोरलेली तबकडी बाजारात आणली, आणि तेव्हापासून ‘दुसरी बाजू’ ही कल्पना श्रोत्यांच्या अंगवळणी पडली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे व बारा इंची तबकडीवर चार मिनिटांच्या आसपास इतकेच गायन मावे.

मिरजेस स्थायिक झालेले किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) ह्यांचे गायन ह्या दोन्ही अवस्थांतून गेले आहे. शतकाच्या पहिल्या दशकातील त्यांच्या मुद्रिका ग्रामोफोन कंपनीच्या आहेत, तर आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांतील मुद्रिका ओडियनच्या. आज त्यांची जी कीर्ती मैफल न ऐकलेल्यांत टिकून आहे, ती मुख्यतः ह्या दुसऱ्या गटावर. त्या मुद्रिका पुढे दीर्घकाळ चालणाऱ्या तबकड्यांवर, मग फितीवर, मग अंकीय स्वरूपात आल्या. ह्या प्रवासात बाजू उलटण्याची क्रिया नाहीशी झाली, आणि तीन-तीन मिनिटांचे तुकडे ओळीने ऐकू येऊ लागले.

त्या काळच्या मुद्रिकांत एका बाजूस विलंबित व दुसऱ्या बाजूस द्रुत अशी एकाच रागाची वाटणी आढळते. अशा दोन बाजू एकत्र जोडताना तीन अडचणी येतात, आणि त्या तिन्ही ऐतिहासिक पुराव्याच्या आहेत. पहिली गतीची. मिनिटास ७८ फेरे हे नाव रूढ झाले तरी जुन्या मुद्रणयंत्रांची गती नेमकी तेवढी नसे. एकाच बैठकीतल्या दोन बाजूंतही फरक पडे. ७८ आणि ८० ह्या दोन गतींत स्वर सुमारे ४४ सेंटनी सरकतो. म्हणजे पेटीवरील लगतच्या काळी-पांढरी पट्ट्यांमधील अंतराच्या निम्म्याहून किंचित कमी. म्हणून दोन बाजूंचे षड्ज जुळविल्याशिवाय जोड लागत नाही. परंतु जुळवावयाचे कोणते कोणास? पहिल्या बाजूचा षड्ज प्रमाण मानला तर दुसरीची लय बदलते. दुसरीचा मानला तर उलट. दुसरी अडचण तबकडीच्या भूमितीची. दहा इंची तबकडीच्या बाहेरच्या कडेशी सुई सेकंदास जवळजवळ एक मीटर अंतर कापते, तर आतल्या कडेशी निम्म्याहूनही कमी. त्यामुळे बाजू संपत येते तसतसा आवाज मंद व बोथट होतो, आणि दुसरी बाजू सुरू होताच एकदम उजळतो. हा उजाळा जोड झाकणाऱ्यास दोष वाटतो. मूळ तबकडी कोठे संपली हे शोधणाऱ्यास तोच पुरावा असतो.

तिसरी अडचण अधिक मूलभूत आहे. गायक गात राहिला आणि यंत्राने त्याचे गाणे मध्येच कापले, असे सहसा घडले नाही. गायकाने तीन मिनिटे ध्यानात ठेवूनच मांडणी केली. तबकडीची कड जवळ येताच त्याने समेवर येऊन गाणे मिटविले. सांगलीच्या रंगभूमीकडे पाहिल्यास हे अधिक स्पष्ट होते. १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी जेथे ‘सीतास्वयंवर’ केले, हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल व सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ज्या भूमीतून आले, त्या परंपरेतील पद रंगमंचावर रसिकांच्या ‘वन्स मोअर’ने वाटेल तितके लांबे. ‘मानापमान’ (१९११) व ‘स्वयंवर’ (१९१६) ह्यांतील बालगंधर्वांच्या पदांच्या ज्या मुद्रिका आहेत, त्या ह्या नाट्यप्रयोगाचे तुकडे नव्हेत. तबकडीसाठी स्वतंत्रपणे बांधलेल्या लघुकृती आहेत. मग त्यांच्या बाजू जोडून जी ‘अखंड’ गोष्ट तयार होते ती कोणत्या मूळ अखंडतेची प्रत? अशी अखंडता कधी अस्तित्वातच नव्हती. हा भेद ध्यानी न घेता केलेले संकलन ऐकावयास सुखद वाटले, तरी नाट्यसंगीताच्या इतिहासाचे साधन म्हणून ते दिशाभूल करणारे आहे.

बोलपटाची गोष्ट येथे वेगळी पडते. चित्रपट हा पडद्यावर सलग दिसावा म्हणूनच रचलेला असतो, आणि त्याचे तुटणे निव्वळ वाहनामुळे घडते. ३५ मिलिमीटरच्या हजार फूट फितीत सुमारे अकरा मिनिटांचे चित्र मावते. रीळ संपत आल्याची खूण म्हणून चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका उमटे, थोड्या सेकंदांनी दुसरा; पहिल्या खुणेस दुसरे प्रक्षेपणयंत्र चालू करावयाचे आणि दुसऱ्या खुणेस पडदा त्याच्या स्वाधीन करावयाचा. दोन यंत्रे असलेल्या चित्रपटगृहात हा जोड प्रेक्षकास कळत नसे. सातारा-सांगलीच्या यात्रांत राहुट्या ठोकून चालणाऱ्या फिरत्या तंबूंत मात्र बहुधा एकच यंत्र असे, आणि रीळ बदलेपर्यंत अंधारात शिट्ट्या ऐकू येत. म्हणजे एकच चित्रपट जिल्ह्याच्या गावी सलग होता आणि यात्रेत खंडित होता. चित्रपटांच्या स्थानिक इतिहासात ह्या अनुभवाची दखल क्वचितच घेतली गेली आहे.

ह्याखेरीज आपल्याकडील चित्रपटांत एक खंड असा आहे की जो वाहनाचा नव्हे, रचनेचा आहे. तो म्हणजे मध्यंतर. नाटकाच्या अंकांचा वारसा घेऊन आलेला हा खंड पटकथाकार मुद्दाम योजतो. कथेचे एखादे वळण तेथे आणून ठेवतो. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) हा अनंत माने ह्यांचा तमाशापट ह्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. त्याची पटकथा व्यंकटेश माडगूळकरांची, गीते ग. दि. माडगूळकरांची, हे दोघेही बंधू आजच्या सांगली जिल्ह्यातील माणदेशचे. संगीत वसंत पवार ह्यांचे, आणि त्यातील सातारच्या वाटेवर सांडलेल्या बुगडीची लावणी गाणाऱ्या आशा भोसले ह्यांचा जन्म सांगलीचा (१९३३). त्यांचे वडील मास्टर दीनानाथ ह्यांची बळवंत संगीत मंडळी सांगलीत स्थिरावलेली होती, व तिच्यातूनच निघालेल्या बळवंत पिक्चर्सने १९३४ मध्ये ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट काढला होता. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात ‘सांगत्ये ऐका’ १३१ आठवडे चालला. अशा चित्रपटाची प्रत करणाऱ्याने तबकडी संपल्यामुळे पडलेला खंड अवश्य बुजवावा. पण मध्यंतर बुजविला तर त्याने पटकथेतील एक विरामचिन्ह खोडले असे होईल. जोडकाम करणाऱ्या यंत्रास हे दोन खंड सारखेच दिसतात. त्यांतील फरक ओळखणे हे माणसाचे काम आहे.

घरी बसून पाहावयाच्या तबकड्यांत बाजू उलटण्याची गरज प्रथम १९७८ साली आलेल्या लेझर तबकडीवर पडली. तिच्या एका बाजूवर फार तर तासभराचे चित्र मावे. ती आपल्याकडे रुजली नाही. १९९३ मध्ये ठरलेली व्हीसीडी मात्र खेडोपाडी पोहोचली. तिच्यावर ७४ मिनिटांच्या आसपास चित्र मावत असल्याने पूर्ण लांबीचा मराठी चित्रपट दोन तबकड्यांवर येई, आणि पहिली तबकडी मध्यंतराशीच संपेल अशी खात्री नसे. त्यानंतर आली डीव्हीडी. तिची एकथरी बाजू ४.७ गिगाबाइटची. लांब चित्रपटांसाठी उत्पादकांनी आरंभी दोन्ही बाजू भरण्याचा मार्ग पत्करला. ‘गुडफेलाज’ व ‘अमेडियस’ हे अमेरिकन चित्रपट १९९७ साली असेच दुबाजू तबकडीवर निघाले. प्रेक्षकाने चित्रपटाच्या मध्यावर उठून तबकडी उलटावी, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस घडत होते! अशा तबकडीवर नाव छापण्यासही जागा नसते. मधल्या कड्यावरील बारीक अक्षरांवरून कोणती बाजू वर आहे ते ओळखावे लागते. शिवाय कोणतीही बाजू खाली ठेवली तरी ओरखडा मजकुरावरच पडतो. वास्तविक प्रत्येक डीव्हीडी ही ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून केलेली असते. चिकटवण सुटली वा आतील धातूचा थर काळवंडला की वाचन थांबते. तेव्हा सुरक्षा-प्रतीची गरज खरी आहे. २००३ साली पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील आगीत प्रभातच्या चित्रपटांच्या मूळ नायट्रेट फिती जळाल्या, ही घटना महाराष्ट्रातील अभ्यासकांच्या स्मरणात आहे.

दोन बाजूंचे चित्र एका प्रतीत आणण्याची रीत अशी. प्रत्येक बाजूवर ‘व्हीओबी’ नावाच्या फाइलींत चित्र व ध्वनी एकत्र विणलेले असतात, एकेक फाइल एक गिगाबाइटच्या आत ठेवलेली असते. सोबतच्या ‘आयएफओ’ फाइलीत प्रकरणांची व वेळेची अनुक्रमणिका असते. ह्या अनुक्रमणिकेची ‘बीयूपी’ ही नक्कल त्याच तबकडीवर ठेवण्याचा नियमच आहे. म्हणजे नकलेची आवश्यकता तबकडीच्या कर्त्यांनीही मान्य केली होती. दोन्ही बाजूंच्या फाइली नुसत्या एकामागून एक ठेवून भागत नाही. दुसऱ्या बाजूची कालगणना पुन्हा शून्यापासून सुरू होत असल्याने वाचकयंत्र गोंधळते. म्हणून वेळा नव्याने लावून एकच अनुक्रमणिका तयार करावी लागते. मग चित्राचा प्रश्न. संकुचित चित्रमालेत प्रत्येक चित्र पूर्ण नसते. बारा-पंधरा चित्रांचा एक गट करून त्यातील एकच पूर्ण साठवितात व बाकीची त्यावरून रचली जातात. त्यामुळे सुमारे अर्ध्या सेकंदाच्या ह्या गटाच्या मध्येच कात्री लावता येत नाही; लावावयाची तर तेवढा भाग पुन्हा संकुचित करावा लागतो. ध्वनीचे माप आणखी निराळे. पॅल पद्धतीत एक चित्र ४० मिलिसेकंदांचे असते आणि डॉल्बी ध्वनीचा एक घटक ३२ मिलिसेकंदांचा. दोन्हींची कड केवळ दर १६० मिलिसेकंदांनी एकत्र येते. पहिल्या बाजूच्या अखेरीस ध्वनी किंचित उरला वा कमी पडला, तर दुसऱ्या बाजूतील सारे ओठ बोलण्याच्या मागेपुढे हलताना दिसतात. पहिल्या बाजूच्या शेवटी पुष्कळदा बाजू उलटण्याची सूचना असे. ती गाळावी लागते.

आता क्षमतेचा हिशेब. दोन बाजू मिळून ९.४ गिगाबाइट, तर घरी लिहिता येणाऱ्या दुथरी तबकडीवर ८.५. दोन्ही बाजू काठोकाठ भरलेल्या नसतील तर चित्रास हात न लावता प्रत मावते; भरलेल्या असतील तर काही गाळावे लागते किंवा चित्राचा दर्जा उतरवावा लागतो. गंमत अशी की, बाजूंचा जोड बुजविला तरी दुथरी तबकडीत नवा एक जोड उत्पन्न होतो: वाचकयंत्राचा किरण पहिल्या थरावरून दुसऱ्या थरावर उतरतो तेव्हा चित्र क्षणभर अडखळू शकते. हा नवा जोड जुन्या जोडाच्याच जागी ठेवावा, हे सर्वांत प्रामाणिक. परंतु दुथरी तबकडीत पहिला थर दुसऱ्याइतका तरी भरलेला असावा लागतो. मूळची पहिली बाजू दुसरीहून लहान असल्यास हे साधत नाही. तेव्हा जोड पुढे ढकलला जातो, आणि जेथे कर्त्याने काहीही तोडले नव्हते तेथे प्रतीत खंड पडतो. तबकडीचा नाद सोडून प्रत संगणकाच्या साठ्यात ठेवल्यास हा शेवटचा प्रश्न उरत नाही. बाकीचे सर्व उरतात.

कायद्याची बाजू थोडक्यात नोंदविणे इष्ट. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाच्या ५२ व्या कलमात सुरक्षा-प्रतीचा स्पष्ट उल्लेख आहे तो केवळ संगणक-आज्ञावलींपुरता. चित्रपटाच्या प्रतीस खाजगी उपयोग व संशोधन ह्यांसाठीच्या न्याय्य वापराचा आधार शोधावा लागतो. २०१२ च्या दुरुस्तीने अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांस जतनासाठी अंकीय साठवण करण्याची मुभा दिली. पण ग्रंथालयाजवळ कृतीची अंकीय नसलेली प्रत आधीच असली पाहिजे, अशी तिची अट आहे. त्यामुळे जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीस वा चित्रफितीस ह्या मुभेचा लाभ मिळतो, डीव्हीडीस सरळसरळ मिळत नाही. त्याच दुरुस्तीने आलेले ६५ (अ) हे कलम हक्कभंगाच्या हेतूने संरक्षक कुलूप मोडणे हा गुन्हा ठरविते. जोडकाम करणाऱ्यास ह्या कलमाचेही भान ठेवावे लागते. ‘सांगत्ये ऐका’वरील चित्रपट म्हणून असलेला हक्क प्रसिद्धीनंतरची साठ वर्षे भरून २०१९ अखेर संपला. गीतांच्या शब्दांचा हक्क मात्र निराळा. गीतकाराचे निधन १९७७ मधले असल्याने तो २०३७ अखेरपर्यंत चालतो. एकाच फितीवरील दोन गोष्टींची आयुष्ये अशी वेगवेगळी आहेत.

ह्या सर्व विवेचनातून जोडकामाची एक किमान नोंद काय असावी ते निश्चित करता येते. मूळ तबकडीची ओळख, प्रत्येक बाजूची लांबी, पहिली बाजू ज्या चित्रावर संपली व दुसरी ज्या चित्रावर सुरू झाली त्यांच्या वेळा, मध्ये काय गाळले, किती चित्रे पुन्हा संकुचित केली, ध्वनी किती सरकविला. आणि ध्वनिमुद्रिका असल्यास कोणत्या बाजूचा षड्ज प्रमाण धरला. ही नोंद प्रतीसोबतच राहिली पाहिजे. ती वहीत राहिली आणि प्रत दुसरीकडे गेली तर दोहोंचाही उपयोग संपतो. जुन्या दप्तरांत रुमाल सुटून असे पुष्कळ झालेले आहे.

ह्या नोंदीस शिक्क्याची जोड देता येते. कोणत्याही फाइलीवरून ठराविक गणिताने एक छोटी अंकमाला काढता येते. तिला चेकसम म्हणतात. फाइलीतील एक अक्षर बदलले तरी ही माला बदलते. जोडण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या जशाच्या तशा प्रती काढून त्यांच्या अशा माला नोंदीत लिहून ठेवल्या, तर कोणत्या दोन साधनांवरून अखंड प्रत तयार झाली हे पुढे केव्हाही पडताळता येईल. मात्र जोडलेल्या प्रतीतून मूळ दोन बाजू पुन्हा वेगळ्या काढता येत नाहीत. त्यांच्या माला तिच्यावरून जुळविता येणार नाहीत. म्हणून न जोडलेल्या दोन्ही प्रती, जागा कितीही लागली तरी, जोडलेल्या प्रतीच्या शेजारी ठेवावयाच्या असतात.